खांडेवाडीची तहकूब सभा

जालन्याला हौसेने फिरायला कोणी येत नाही. बियाणं घ्यायला येतात, सळया घ्यायला येतात, मोसंबीचा सौदा करायला येतात आणि काम उरकलं की मिळेल त्या गाडीने परत जातात. ‘जालना सोने का पालना’ असं आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणतो, पण हा पाळणा मुद्दाम बघायला आलेला पाहुणा मी तरी आजवर पाहिला नव्हता.

मी स्वतः इथलीच. पणजोबांपासून आमच्या घरात कारकुनी, मी तेवढी कॉलेजात हिंदी शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे माझा जिल्हा घर, कॉलेज आणि स्टेशन एवढ्यात संपतो. अंबडच्या पुढे मी उभ्या जन्मात दोनदा गेले होते, दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही वेळा जेवून लगेच माघारी. आपल्याच जिल्ह्यात चार दिवस हिंडून मी त्याचं प्रवासवर्णन लिहीन असं कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते. पण गेल्या हिवाळ्यात ते घडलं खरं.

एका प्रशिक्षण संस्थेने शेजारच्या देशांमधल्या लोकांनी निवडून दिलेल्या गावपुढाऱ्यांना बोलावलं होतं. विषयाचं नाव एका दमात म्हणता येऊ नये इतकं लांब : प्रादेशिक सुरक्षा, राजनय आणि लोकशाही कारभार. दिल्लीत चार दिवस भाषणं ऐकवून झाल्यावर पाहुण्यांना दोघं-तिघं करून जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवलं, खरा कारभार बघायला. आमच्या वाट्याला दोघं आली. दोघांनाही हिंदी येत होती, म्हणून दुभाषी म्हणून मला धरलं. त्यांची बोलणी इथे मी मराठीतच देते.

पहिला दिवस : नवीन जालना

गाडी दोन तास उशिरा आली. डब्यातून आधी उतरल्या त्या मनकुमारी चौधरी. चाळिशीच्या, ठेंगण्या, चालणं झपझप. नेपाळच्या तराईत, भारताच्या सीमेला अगदी चिकटून असलेल्या एका नगरपालिकेच्या त्या उपप्रमुख. तिकडे उपप्रमुखाच्या हाती न्यायिक समिती असते, म्हणजे बांधाची, नवराबायकोची, गुराढोरांची भांडणं आधी तिच्यापुढे येतात. त्यांच्या मागून दोर्जी उतरले, भूतानच्या दक्षिणेकडचे गूप. गूप म्हणजे आपला सरपंचच, फक्त चार-सहा गावांचा मिळून एक. “आमच्या देशातली निवडणूक माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहे,” त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं, “म्हणून मी बघायला आलोय, मोठी झाल्यावर ती कशी दिसते.”

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने सामान ठेवता ठेवता विचारलं, “पाव्हणे कुठले, मॅडम?”

“नेपाळ आणि भूतानचे.”

“म्हंजे शेजारचेच की,” तो म्हणाला. “मला वाटलं फॉरेनचे.”

हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा मनकुमारी इतक्या हसल्या की रिक्षावालाही लाजला. दिल्लीच्या चार दिवसांच्या भाषणांत इतकं नेमकं वाक्य एकही नव्हतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

रात्रीचं जेवण आमच्या घरी. मी धास्तावून ठेचा लांब ठेवला होता आणि दह्याची वाटी जवळ. दोर्जींनी दही सरकवलं, ठेचा ओढला आणि भाजी वाढून घ्यावी तसा वाढून घेतला. “आमच्याकडे मिरची हीच भाजी,” ते शांतपणे म्हणाले. आमच्या ह्यांना आपण जालन्याचे, तिखटाचे खरे गडी, असा जुना गर्व. मराठवाड्याची लाज राखायला म्हणून तेही चमचा चमचा ठेचा घेत राहिले. दोर्जी रात्रभर गाढ झोपले. हे पहाटेपर्यंत पाण्याच्या माठाशी येरझाऱ्या घालत होते.

दुसरा दिवस : बदनापूर

बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीच्या शेताचे तुकडे पाहायला गेलो. शेंगांनी लगडलेल्या ओळींत दोर्जी असे हरवले की त्यांना हाका मारून आणावं लागलं. हिमालयातल्या माणसाला आपल्या तुरीचं एवढं कौतुक वाटतंय हे बघून मला उगाचच स्वतःच पेरल्यासारखा अभिमान वाटला. आयुष्यात मी कुंडीत तुळस सोडून काही लावलेलं नाही.

चहा प्यायला झाडाखाली बसलो तेव्हा गप्पा सीमेवर आल्या. दोर्जींचा त्रास हत्तींचा. हत्ती संध्याकाळी आसामात असतो आणि पहाटे भूतानच्या भातात. “त्याला हद्द कोण शिकवणार? मग आम्ही दोन्हीकडच्या गावकऱ्यांनी फोनवर एक गट केला. ज्याला आधी दिसेल त्याने दुसऱ्याला कळवायचं. मोठ्या बैठका होतात तेव्हा होवोत.”

मनकुमारींनी मात्र पिशवीतून एक कागद काढला. नेपाळीत टाइप केलेला, खाली सहीसाठी जागा मोकळी.

त्यांच्या गावाला आणि पलीकडच्या भारतातल्या गावाला अलग करणारी एक पट्टी आहे. दहा गजांची, म्हणून तिला दशगजा म्हणतात. ना ह्या देशाची, ना त्या. गवत तिच्यावरच चांगलं येतं. तिकडची गुरं इकडे येतात, इकडची तिकडे जातात, पीक खातात, लोक गुरं पकडतात, गुरांवरून माणसं पकडली जातात आणि मग दोन्हीकडचे बंदूकवाले जवान मध्ये पडतात. मागच्या पावसाळ्यात डोकी फुटली होती. तेव्हा मनकुमारींच्या नगरप्रमुखांनी आणि पलीकडच्या मुखियाने, म्हणजे तिकडच्या सरपंचाने, फोनवर ठरवलं, पट्टीवर चराई पूर्ण बंद. सापडलेलं जनावर सरळ जवानांच्या ताब्यात. देशांचे करार देशच करतात, तेव्हा हा करार नव्हे, दोन गावांमधला समजुतीचा कागद. पण भांडणं मनकुमारींपुढे येणार, म्हणून त्यांची सही हवी. परत गेल्याबरोबर.

“मग अडलं कुठे?” मी विचारलं.

“गुरांवर जगणारी घरं माझ्याच वॉर्डातली आहेत, दीदी. माझा सख्खा मामा त्यांतला. त्यांना कोणी विचारलेलंच नाही. सही केली तर ती घरं उठतील. नाही केली तर प्रमुख म्हणतील, ही बाई सीमेवर शांतता नको म्हणते. पुढच्या निवडणुकीला पक्ष मला उभीही करणार नाही.” कागद घडी करून त्यांनी पिशवीत ठेवला. “दिल्लीत मी तीन साहेबांना विचारलं. तिघांनी सांगितलं, प्रश्न फार महत्त्वाचा आहे.”

मी काय सांगणार कपाळ! मी त्यांना आणखी एक चहा सांगितला.

त्या संध्याकाळी मी एक चूक केली, ती आता कबूल करते. दुसऱ्या दिवशी अंबड तालुक्यातल्या खांडेवाडीत ग्रामसभा बघायची होती. खांडेवाडी ही गोदाकाठची धनगरांची वाडी. तिथले उपसरपंच रामकिसनभाऊ यांचा फोन आला. “मॅडम, वाडीत माणूसच न्हाई. निम्मी वाडी मेंढरामागं गेल्ती ती अजून आली न्हाई. सभा फिकी पडंल बघा.”

मी म्हणाले, “भाऊ, बाहेरदेशचे पाहुणे आहेत. काही करा, पण मंडप रिकामा दिसता कामा नये.”

“बिलकुल काळजी करू नका,” ते म्हणाले, आणि मी निश्चिंत झोपले.

तिसरा दिवस : अंकुशनगरावरून खांडेवाडी

अंबड सोडलं की उसाचं राज्य लागतं. अंकुशनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्यामागे आमची जीप तासभर रांगत होती. काकवीचा वास नाकात भरला होता. एका ट्रॉलीतून पडलेला ऊस दोर्जींनी खाली उतरून उचलला आणि दातांनी सोलून आम्हा दोघींना वाटला. आज त्यांनी त्यांचा राष्ट्रीय पोशाख घातला होता, घो नावाचा, गुडघ्यापर्यंतचा, कमरेला आवळलेला. वाडीत शिरताच बायकांच्या घोळक्यातून स्पष्ट ऐकू आलं, “अगं बया, पाव्हणा परकर नेसून आलाय का?” ह्याचं भाषांतर मी केलं नाही.

मंडप गच्च भरला होता. मी मनात रामकिसनभाऊंना शाबासकी दिली. शाल झाली, नारळ झाला, दोर्जींना त्या घोवर भगवा फेटा बांधला आणि मनकुमारींनाही. टाळ्या कडकडल्या. मला वाटलं, बघा म्हणावं, लोकशाही मोठी झाल्यावर अशी दिसते.

सरपंच सुंदराबाई मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. पंचेचाळीसच्या आसपासच्या, उन्हाने रापलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांचे मालक धोंडीबा मेंढरांमागे होते, त्यामुळे बायकोच्या वतीने माइक धरायला नवरा नव्हता हे मी मनातल्या मनात नोंदवलं. ग्रामसेवकाने विषय वाचला : नदीपल्याडच्या बोरखेडीसोबतचा मेंढरांचा ठराव नव्याने मंजूर करणे. “हात वर करा,” असं तो म्हणणार, एवढ्यात सुंदराबाई उठल्या. हजेरीचं रजिस्टर त्यांनी काखेत मारलं आणि खुर्च्यांच्या रांगांमधून चालू लागल्या.

“दाजी, तुमी कुठले?”

“आमी डोंगरपिंपळ्याचे.”

“आन तुमी, मावशे?”

“आमी बी तिथलेच, बाई. रामकिसनभाऊनं टेम्पो धाडल्ता. दोन टेम्पो आल्ते.”

मंडपात चिडीचूप झालं. सुंदराबाई शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या, आपली माणसं बोटाने मोजत. परत येऊन माइकपुढे उभ्या राहिल्या. “वाडीचे त्रेसष्ट हायत. गणपूर्तीला शंभर लागत्यात. सभा तहकूब.”

रामकिसनभाऊ धावत आले. “वहिनी, अवो काय करून राह्यलात? बाहेरदेशाचे पाव्हणे बसल्यात. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय!”

“इज्जतीसाठीच म्हणते, भाऊजी.”

ज्या इज्जतीसाठी मी फोनवर गळ घातली होती तिचे दोन टेम्पो उभे होते, आणि सगळा मंडप ते बघत होता. मनकुमारींनी कानाशी येऊन विचारलं, “दीदी, काय झालं? लोक गप्प का झाले?”

मी हिंदीत म्हणाले, “काही नाही, थोडी तांत्रिक अडचण आहे.”

“मॅडम,” सुंदराबाई माइकवरूनच म्हणाल्या, “मला हिंदी समजती.”

निजामाच्या मुलखातल्या बाईपुढे हिंदीत थाप मारायला गेले, आणि तीही आयुष्यभर हिंदी शिकवून! त्या पुढे म्हणाल्या, “जे झालं ते बराबर सांगा त्यांना. झाकायचं काय त्यात?”

मग मी सांगितलं. ह्यातले बरेच लोक ह्या गावचे मतदार नाहीत. पाहुण्यांसाठी आणलेत. सरपंचांनी ते पकडलं आणि सभा थांबवली. टेम्पो माझ्या सांगण्यावरून आले, हे मात्र सांगायचं धाडस मला तेव्हा झालं नाही.

ग्रामसेवक सुंदराबाईंना हळूच म्हणाला, “मॅडम, एकदा तहकूब केली की पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही. कायदाच आहे. आठ दिवसांनी वीस माणसांतही ठराव होऊन जाईल.”

“कायद्याला लागत न्हाई,” सुंदराबाई म्हणाल्या, “मला लागती. मेंढरं ज्यांची, ठराव त्यांचा. त्यांना निरोप धाडा, आठ दिवसांनी या म्हणावं.”

मनकुमारींना हे सांगितलं तेव्हा त्या डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी धरून कितीतरी वेळ सुंदराबाईंकडे बघत राहिल्या.

डोंगरपिंपळ्याची माणसं उठून निघाली तर सुंदराबाईंनी त्यांनाही अडवलं. “सभेचे न्हाई तुमी, पण जेवायचे हायत. उपाशी कोन जाऊ देतंय?” मग पंगत बसली. वांग्याची भाजी, वरण, ज्वारीची भाकरी आणि बुंदी. दोर्जींनी बसल्या बसल्या मिरच्या मागितल्या, आणि ‘परकर’ म्हणणाऱ्या त्याच बायका त्यांना आग्रह करकरून वाढत होत्या.

जेवणं झाल्यावर आम्ही सुंदराबाईंच्या ओसरीवर टेकलो. तिथे मी माझं पाप ओकून टाकलं. मंडप भरायला मीच सांगितलं होतं, रामकिसनभाऊंचा दोष नाही, हेही सांगितलं. मला वाटलं बाई आता फाडून खातील. त्या हसल्या.

“पाव्हणा आला की आपण शेजारून उसनी साखर आणतोच की, मॅडम. साखर चालती. माणसं उसनी न्हाई चालत.”

मनकुमारींनी विचारलं, “पण तो ठराव नक्की आहे तरी काय?”

ते सुंदराबाईंनी सांगितलं. खांडेवाडी जालना जिल्ह्यात, नदीपल्याडची बोरखेडी बीडमध्ये. नदीचं पाणी आटलं की खांडेवाडीची मेंढरं पल्याड जातात आणि एखादा कळप कोणाच्या हरभऱ्यात घुसतोच. पूर्वी मारामाऱ्या व्हायच्या. पोलिसात जायचं तर जिल्हे दोन, ठाणी दोन, घटना कोणाच्या हद्दीत ह्यातच दिवस मावळायचा. मग दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांनी रीत पाडली. चुकार जनावर कोंडवाड्यात घालायचं नाही. बांधून ठेवायचं, चारा-पाणी करायचं आणि मालकाला निरोप द्यायचा. आणि ज्याचं पीक खाल्लं त्याच्या रानात तो कळप रात्रीचा बसवायचा, पीक गेलं असेल त्या मानाने दोन रात्री, चार रात्री. मेंढरांच्या लेंड्यांनी रान असं खतावतं की पुढचं पीक दामदुप्पट येतं. हा ठराव दोन्ही गावं दर साल नव्याने करतात.

“दर साल कशाला?” दोर्जी म्हणाले. “एकदाच कायमचा का नाही?”

“मेंढक्याची पोरं मोठी व्हत्यात, नवे कळप व्हत्यात. बापानं कबूल केलं म्हून पोरगं मानंल का? ज्यानं हात वर केला त्योच मानतो. आज त्या टेम्पोवाल्यांनी हात वर केले असते, आन उद्या माझ्या मेंढक्यानं इचारलं असतं, ‘कुनी ठरवलं?’ मंग बोरखेडीला मी काय तोंड दाखवू?”

मनकुमारींनी पिशवी मांडीवर ओढून घेतली, पण कागद बाहेर काढला नाही.

चौथा दिवस : नदीपल्याड

सकाळी शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात गेलो. बोरखेडीच्या एका रानात वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शे-दीडशे मेंढरं उभी होती. धोंडीबा, सुंदराबाईंचे मालक, शिक्षा भोगत होते. सरपंचांच्याच मेंढरांनी परवा करीमभाईंचा हरभरा खाल्ला होता. आजची तिसरी रात्र बसायची होती.

शिक्षा देणारे करीमभाई शिक्षा घेणाऱ्यासाठी किटलीतून चहा घेऊन आले होते. दोघं एकाच घोंगडीवर बसून तो पीत होते. मनकुमारींनी विचारलं, “तुम्हाला राग नाही आला?”

“आया था ना थोडा,” करीमभाई म्हणाले. मग आवाज खाली आणून माझ्याकडे बघत, “खरं सांगू का, बाई? धोंडीबाला सांगू नका. कुंपण मीच पडू दिल्तं. हरभरा तिकडला असाबी जळून गेल्ता. खतासाठी दोन साल झाले मेंढरं मागून राह्यलो, हा बैठायलाच तयार न्हाई.”

धोंडीबा दोनच हात लांब बसले होते. “मला म्हाईत हाय,” ते म्हणाले. “पडक्या कुंपणातून माझी मेंढरं मीच जाऊ दिली. त्याच्या रानात पाणी जवळ हाय.”

दोघांचं बोलणं मी हिंदीत सांगितलं तेव्हा आधी दोर्जी हसले, मग मी, आणि मनकुमारी तर डोळ्यांना पदर लावून हसल्या. एवढं राजकारण मी टीव्हीवरच्या चर्चांतही ऐकलं नव्हतं, आणि इथे ते दोन माणसं चहाबरोबर करत होती. मला सांगायला हरकत नाही, माझी मान त्या रानात चांगली वीतभर उंच झाली. साठीला आले, आणि हे सगळं माझ्या घरापासून दोन तासांवर होतं. मी कधी बघायलाच गेले नव्हते.

संध्याकाळी स्टेशनवर गाडीची वाट बघताना मनकुमारी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, “सही करणार?”

“करणार नाही असं इथे म्हणणं सोपं आहे, दीदी. तिथे माझ्या बाजूला सुंदराबाई नसतील. प्रमुख असतील, पक्ष असेल, आणि बंदूकवाले जवान. मला भीती वाटते.” गाडी आली तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. “तुमच्या त्या बाईंना भीती वाटली नसेल का, मंडप भरलेला असताना?”

“विचारून कळवते,” मी म्हणाले. तोवर दोर्जींनी खिडकीतून ठेच्याची बरणी दाखवून माझा निरोप घेतला.

परतल्यावर

आठ दिवसांनी मी एकटी एसटीने खांडेवाडीला गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. तो मंडप नव्हता, शाली नव्हत्या. शाळेच्या पटांगणात घोंगड्या टाकून माणसं बसली होती, काही रात्रभर चालून आलेली. सुंदराबाईंनी मोजली. एकशे अकरा. एक तरुण मेंढका उठून भांडला की चार रात्री फार होतात, तीन करा. बरीच वादावादी झाली, शेवटी तीनवर आलं आणि सगळ्यांनी हात वर केले. ठराव घेऊन दोन माणसं त्याच पावली पल्याड गेली. जाताना मी सुंदराबाईंना मनकुमारींचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “भ्या तर वाटलंच की. रजिस्टर काखंत कशाला मारलं असंल? हात कापत व्हता.” हे मी त्याच दिवशी मनकुमारींना फोनवर कळवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नुसतं “हं” म्हटलं.

मग पुष्कळ दिवस काहीच नाही. मी रोज फोन बघायची. आमचे हे म्हणायचे, मुलगी बाळंतपणाला गेल्यासारखी काय वाट बघतेस! शेवटी एकदा मनकुमारींचा आवाजी निरोप आला, चांगला लांबलचक. मी तो तीनदा ऐकला आणि सुंदराबाईंना फोन लावला.

“काय म्हनतीय नेपाळवाली?” त्यांनी विचारलं. मागे मेंढरांचा कालवा होता.

मी सांगितलं. मनकुमारींनी कागदावर सही केली नाही. दशगजाच्या कडेला सभा बोलावली, दोन्हीकडच्या गुराखी घरांची. पहिल्या दिवशी पलीकडून तिघंच आली. प्रमुख म्हणाले, पुरेत तीन, उरकून टाका. मनकुमारींनी सर्वांदेखत सभा तहकूब केली. प्रमुख निघून गेले. गावात बोलणी बसली, पक्षाच्या माणसांनी येऊन दम दिला. मनकुमारींनी पंधरा दिवसांनी सभा पुन्हा बोलावली. ह्या खेपेला पलीकडचा मुखिया स्वतः माणसं घेऊन आला. दोन्हीकडचे जवान लांब उभे राहून बघत होते आणि त्यांचं मध्ये पडायचं काम पडलं नाही. चराईबंदी कागदातून निघाली. सापडलेलं जनावर जवानांना द्यायचं नाही, बांधून चारा घालायचा आणि मालकाला बोलवायचं. भांडण आधी दोन गावांनी बसून सोडवायचं. खाली मनकुमारींची सही, त्या मुखियाची, आणि सगळ्या गुराख्यांचे अंगठे आणि सह्या. मनकुमारींचा मामाही त्यात होता. पक्ष पुढे त्यांना उभं करील की नाही, ते त्यांना अजून ठाऊक नाही, आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं त्या म्हणाल्या.

पलीकडे त्यांनी आधी एक मेंढरू हुसकलं.

“मोजली का तिनं माणसं?” सुंदराबाईंनी विचारलं.

“मोजली. स्वतः उठून मोजली.”

“दोन्हीकडची?”

“दोन्हीकडची.”

“मंग बराबर हाय,” त्या म्हणाल्या. “ठराव मंजूर.”